खुल्या दालनाचे छप्पर : वाशांचा रेटा आणि त्याचे उत्तर

उतरत्या छपराच्या जुन्या घरात वर पाहिले, की एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत गेलेल्या आडव्या तुळया दिसतात. काही घरांत त्यांच्यावर फळ्या टाकून माळा केलेला असतो, तर काही घरांत त्या नुसत्याच असतात. अशा तुळईवर काही ठेवलेले नसले, म्हणजे ती निरुपयोगी आहे असे पाहणाऱ्याला वाटते. ती काढून टाकली, तर दालन थेट आढ्यापर्यंत मोकळे होईल, उजेड व हवा खेळेल, हा विचारही ओघानेच येतो. जुनी कौलारू घरे नव्याने राहण्याजोगी करताना असा बदल पुष्कळदा सुचवला जातो. तुळई कापल्यावर त्याच दिवशी काही घडत नाही. परंतु दोन-चार पावसाळ्यांनंतर आढे खाली बसू लागते, कौलांच्या ओळी वाकड्या होतात आणि भिंतीच्या माथ्याजवळ आडवी भेग उमटते. निरुद्योगी दिसणारी तुळई कोणते काम करीत होती, हे तेव्हा कळते.

हे काम कोणते, ते किती मोठे असते आणि तुळई नको असेल तर ते दुसऱ्या कोणत्या अवयवाकडे सोपवता येते, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

छप्पर भिंतींना का ढकलते?

घडीची दोन पायांची शिडी सर्वांच्या परिचयाची असते. ती गुळगुळीत फरशीवर उभी करून कोणी वर चढले, की तिचे पाय बाहेर फाकू लागतात. म्हणूनच दोन्ही पायांना जोडणारी एक दोरी किंवा साखळी खाली बांधलेली असते. वजन वाढले की दोरी ताठ होते आणि शिडी जागच्या जागी राहते. दोरी कापली, तर पाय फरशीवरून घसरतात.

आढ्यापाशी एकमेकांना टेकलेल्या वाशांची जोडी ही अशीच शिडी होय. कौलांचा भार वाशांवर खाली दाबतो. वाशांचे वरचे टोक दुसऱ्या वाशाला अडते आणि खालचे टोक भिंतीला खाली दाबते, त्याचबरोबर बाहेरही ढकलते. या बाहेरच्या ढकलण्याला आपण रेटा म्हणू. दोन भिंतींच्या माथ्यांना जोडणारी तुळई ही शिडीच्या दोरीच्या जागी असते. ती मुख्यतः ताणात असते. वजन उचलण्याचे काम ती करीत नसल्यामुळे ते दिसत नाही, आणि ताण तर डोळ्यांना कधीच दिसत नाही.

रेट्याचे मोजमाप

एक साधे उदाहरण घेऊ. दालनाची रुंदी, म्हणजे छपराचा गाळा, ६ मीटर आणि लांबी ८ मीटर आहे. छपराचा उतार ३० अंशांचा आहे. म्हणजे भिंतीच्या माथ्यापासून आढे सुमारे १.७३ मीटर उंच येईल. मंगळुरी कौले व रिपा यांचे वजन उताराच्या दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलोग्रॅम भरते. त्यात वाशांचे वजन, पावसाळ्यातील ओलावा आणि दुरुस्तीसाठी चढणारा माणूस यांची भर घालून, जमिनीवर मोजलेल्या दर चौरस मीटरला आपण १०० किलोग्रॅम भार धरू. वाशांच्या जोड्या ६० सेंटिमीटर अंतरावर आहेत असे मानू.

एका जोडीवर एकूण ३६० किलोग्रॅम भार येतो आणि त्यातील निम्मा, म्हणजे १८० किलोग्रॅम, प्रत्येक भिंतीवर सरळ खाली जातो. याखेरीज वाशाचे टोक भिंतीला आडव्या दिशेने सुमारे १५६ किलोग्रॅम बलाने बाहेर ढकलते. भिंतीच्या दर मीटर लांबीला हा रेटा २६० किलोग्रॅम होतो. ८ मीटर लांबीच्या एका भिंतीवर तो दोन टनांहून थोडा अधिक भरतो आणि समोरच्या भिंतीवर तितकाच उलट दिशेने असतो.

उतार बदलला की रेटाही बदलतो. भार तोच धरला आणि उतार ४५ अंश केला, तर जोडीमागचा रेटा १५६ ऐवजी ९० किलोग्रॅम होतो. उतार २० अंशांवर आणला, तर तो २४७ किलोग्रॅमवर जातो. छप्पर जितके चपटे, तितका रेटा अधिक. तुळया काढून दालन उंच भासवायचे आणि बाहेरून मात्र छप्पर बसके ठेवायचे, या दोन इच्छा एकत्र आल्या म्हणजे अडचण सर्वांत मोठी होते.

भिंत हा रेटा पेलू शकेल काय?

आपल्या उदाहरणातील भिंत ३ मीटर उंच आणि ३५ सेंटिमीटर जाडीची, विटांची आहे असे समजा. एक मीटर लांबीच्या भिंतीचे वजन सुमारे २,००० किलोग्रॅम भरेल. रेटा ३ मीटर उंचीवर लागत असल्यामुळे भिंतीला बाहेर उलथवू पाहणारे परिबल २६० गुणिले ३, म्हणजे ७८० किलोग्रॅम-मीटर होते. भिंतीचे व तिच्यावरील छपराचे वजन तिला जागेवर धरून ठेवते. परंतु त्याचे परिबल केवळ ४०० किलोग्रॅम-मीटरच्या आसपास आहे. म्हणजे ही भिंत एकटी उभी असेल, तर ती पडेल. जाडी अर्धा मीटर केली तर ती कशीबशी तोल सांभाळेल, आणि निश्चिंत राहण्यासाठी याहूनही बरीच जाड भिंत लागेल.

मग तुळई कापलेली सर्वच घरे लगेच का कोसळत नाहीत? आडव्या भिंती, कोपरे, वाशांना ठोकलेल्या रिपा आणि कौलांचे परस्पर घर्षण यांच्यामुळे काही काळ निभावते. हा आधार कोणी हिशेबात धरलेला नसतो आणि त्याची खात्रीही देता येत नाही. भिंत हळूहळू बाहेर झुकत जाते. झुकलेली भिंत भूकंपाच्या वेळी अधिकच धोक्याची ठरते, कारण माथ्यापाशी बांधून न ठेवलेली दगडाची किंवा विटांची भिंत हादऱ्याने बाहेर पडण्याचा संभव असतो.

भिंतीच्या माथ्यावर सिमेंट-काँक्रीटचा बंध घातला की प्रश्न सुटला, असाही एक समज आहे. रेटा घेताना हा बंध आडवी पडलेली तुळईच बनतो, आणि ८ मीटर लांबीत त्याला आडव्या दिशेने सुमारे २,१०० किलोग्रॅम-मीटर परिबल सोसावे लागते. त्यासाठी योजलेला रुंद व पुरेशा सळयांचा बंध हे काम करू शकतो. प्रथेप्रमाणे घातलेला अरुंद पट्टा ते करील असे गृहीत धरता येत नाही.

तुळई वर सरकवली तर

तुळई पूर्णपणे काढण्याऐवजी ती वाशांच्या मध्यावर न्यावी, म्हणजे डोक्यावरची जागा मोकळी होईल, हा उपाय प्रथम सुचतो. लहान गाळ्यांत तो उपयोगी पडतो. परंतु त्याची किंमत मोजावी लागते.

तुळई भिंतीच्या माथ्यावर असताना तिच्यातील ताण १५६ किलोग्रॅम होता. ती आढ्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशावर नेली, तर ताण दीडपट होतो. निम्म्या उंचीवर नेली, तर दुप्पट. याहून महत्त्वाचा परिणाम वाशावर होतो. पूर्वी वासा भिंत व आढे यांच्यामध्ये सरळ टेकलेला होता आणि त्यातील कमाल नमन परिबल ६७.५ किलोग्रॅम-मीटर होते. आता त्याचा खालचा भाग तुळईच्या बाहेर लोंबकळणाऱ्या हातासारखा होतो. एक-तृतीयांश उंचीवर हे परिबल १५० आणि निम्म्या उंचीवर २०२.५ किलोग्रॅम-मीटर होते. म्हणजे तुळई अर्ध्यावर चढवली की वाशाला तिप्पट वाक सोसावा लागतो, आणि तोही नेमका तुळईच्या जोडापाशी, जेथे खिळ्यांसाठी किंवा खाचेसाठी लाकूड कापलेले असते.

तिप्पट परिबलासाठी वाशाची खोली सुमारे पावणेदोन पट करावी लागते, कारण लाकडाचे वाकविरोधी बळ खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तसे करूनही वाशाची खालची टोके थोडी फाकतातच. म्हणून जुने वासे तसेच ठेवून तुळई वर सरकवणे योग्य नव्हे.

लोखंडी सळईचा उपाय

रेटा थोपवणारा अवयव लाकडाचाच असावा असे नाही. समजा, दर ६० सेंटिमीटरला जोडी ठेवण्याऐवजी दर ३ मीटरला एक भक्कम चौकट उभी केली. तिच्यातील रेटा ७८० किलोग्रॅम होईल. हा ताण पेलण्यासाठी साध्या पोलादाचे अर्ध्या चौरस सेंटिमीटरहून किंचित अधिक क्षेत्रफळ पुरते. आटे पाडल्याने होणारी घट आणि गंज यांचा विचार करून १६ मिलिमीटर व्यासाची सळई घेतली, तरी ती हाताच्या बोटाएवढीच जाड असते आणि दालनात जवळजवळ नजरेआड होते. जागा मोकळी ठेवण्याचा हा बहुधा सर्वांत स्वस्त मार्ग होय. मात्र सळई दाबात निकामी असते. त्यामुळे वादळात छप्पर उचलले जाऊ लागले, तर तिच्यावर विसंबता येत नाही. तिची दोन्ही टोके रुंद पोलादी पट्ट्यांवर आवळलेली असावीत आणि गंजाची तपासणी नियमित व्हावी.

आढ्यालाच भार वाहू देणे

आतापर्यंत आढे हे वाशांनी एकमेकांना टेकण्याचे ठिकाण होते. आता दुसरी कल्पना करू. आढ्याच्या जागी एक मजबूत तुळई घालून तिची टोके दोन्ही त्रिकोणी भिंतींवर टेकवली, तर वाशांची वरची टोके तिच्यावर बसतील. वासा आता दोन ठिकाणी उचलून धरलेला असेल. खाली घसरण्याची त्याची प्रवृत्तीच नाहीशी होईल आणि म्हणून रेटाही उरणार नाही. दालन आढ्यापर्यंत पूर्ण मोकळे राहील.

ही योजना सोपी दिसते. परंतु आढ्याच्या तुळईवर निम्म्या छपराचा भार, म्हणजे आपल्या उदाहरणात २,४०० किलोग्रॅम येतो आणि तिचा गाळा ८ मीटर आहे. नमन परिबलही २,४०० किलोग्रॅम-मीटर भरते. चांगल्या सागासाठी सुरक्षित प्रतिबल दर चौरस सेंटिमीटरला १४० किलोग्रॅम धरले, तर १५ सेंटिमीटर रुंदीच्या तुळईची खोली सुमारे २७ सेंटिमीटर पुरे, असे हिशेब सांगतो. एवढ्यावर थांबले तर चूक होईल. अशी तुळई मोडणार नाही, पण मध्यभागी सहा-सात सेंटिमीटर वाकेल. आणि कायमच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे आणखी वाकत जाते. वाक गाळ्याच्या १/२४० भागापेक्षा अधिक होऊ द्यायचा नसेल, तर खोली सुमारे ३५ सेंटिमीटर करावी लागते, आणि तुळईचे स्वतःचे वजन धरल्यास त्याहूनही थोडी अधिक. लाकडी छपरांत बळापेक्षा दृढतेचा विचार पुष्कळदा निर्णायक ठरतो, तो असा.

मध्ये एकच खांब दिला, तर गाळा ४ मीटरांचा होतो. त्याच आकाराच्या तुळईतील परिबल मग एक-चतुर्थांशावर येते आणि वाक १/१६ हूनही खाली जातो. सबंध दालनात भिंतीलगत नसलेला एक खांब चालणार असेल, तर त्याच्यामुळे किती लाकूड वाचते हे यावरून दिसेल.

जुन्या कारागिरांची उत्तरे

आपल्या देशातील पारंपरिक घरबांधणीने हा प्रश्न बहुधा आराखड्यातच सोडवला. महाराष्ट्रातील वाड्यात चौकाभोवती सोपे असतात आणि खांबांच्या ओळी गाळा लहान ठेवतात. केरळातील नालुकेट्टू पद्धतीच्या घरातही मधल्या अंगणाभोवती चार अरुंद बाजू असतात. तेथे वाशांना भोके पाडून आरपार दांडे घालतात आणि सर्व वासे एकमेकांशी जखडतात. या घरांतील मोकळीक दालनाच्या रुंदीतून येत नसून अंगणातून येते. आपल्याकडील अनेक जुन्या घरांत आढ्याखालचा आखूड खांब तुळईवर उभा असतो. तेथे तुळई ताणाबरोबर वाकही सोसत असते, हे ती काढण्यापूर्वी ध्यानात घेतले पाहिजे.

खऱ्या अर्थाने कैची म्हणतात ती रचना वेगळी. तीत मधला उभा दांडा तुळईवर उभा राहत नाही. तो आढ्यापासून लोंबतो आणि तुळईला मध्यभागी उचलून धरतो. म्हणजे तोही ताणात असतो. मधल्या एका दांड्याऐवजी दोन दांडे थोड्या अंतराने ठेवले, तर त्यांच्यामध्ये माळ्यावर राहण्याजोगी खोली मिळते. पण तुळई या दोन्ही प्रकारांत राहतेच. खालचे दोन दांडे भिंतीपासून निघून एकमेकांना ओलांडत समोरच्या वाशाला भिडवले, तर कात्रीसारखी कैची होते आणि मध्यभागी उंची मिळते. त्याच्या बदल्यात दांड्यांतील बले वाढतात आणि जोड अधिक काटेकोर करावे लागतात.

तुळईविना फार मोठा गाळा झाकण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे ओक लाकडाचे छप्पर दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात, १३९३ नंतर, ह्यू हरलंड या सुतारप्रमुखाने उभारले. सुमारे २० मीटरांहून अधिक रुंदीच्या या दालनात एकही खांब नाही. भिंतींतून आत आलेल्या आखूड तुळया आणि मोठ्या लाकडी कमानी यांच्या साहाय्याने भार भिंतीवर बराच खाली उतरवलेला आहे. रेटा तेथेही संपलेला नाही. तो घेण्यासाठी भिंतींना बाहेरून दगडी धिरे आहेत. पुढे किड्यांनी लाकूड पोखरल्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी या छपराला पोलादाचा आधार द्यावा लागला.

लांब व जाड लाकूड दुर्मिळ झाले, की आखूड तुकड्यांपासून मोठा अवयव घडवण्याची गरज पडते. फ्रेंच वास्तुकार फिलिबेर द लॉर्म याने १५६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आखूड फळ्या जोडून छपराच्या कमानी करण्याची पद्धत सांगितली. जर्मनीतील ओटो हेट्झर याने १९०६ मध्ये फळ्यांचे थर सरसाने चिकटवून केलेल्या वक्र अवयवांचे एकस्व मिळवले. आजच्या थरांच्या लाकडी तुळया याच परंपरेतील आहेत. भारतात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने देशी लाकडांच्या बळाच्या चाचण्या केल्या आणि साग-देवदाराखेरीज इतर जातींच्या आखूड लाकडांपासून खिळ्यांनी जोडलेल्या कैच्या करण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला. भारतीय मानक ब्यूरोच्या ८८३ क्रमांकाच्या मानकात विविध जातींची सुरक्षित प्रतिबले दिलेली आहेत.

जोड : सर्वांत नाजूक जागा

लाकूड तंतूंच्या दिशेने ताणले, तर ते सहसा तुटत नाही. निसटतो तो जोड. वासा तुळईच्या टोकाशी खाच करून बसवतात, तेव्हा वाशाचा रेटा खाचेपलीकडे उरलेल्या लाकडाच्या तुकड्याला तंतूंच्या दिशेने सोलून काढू पाहतो. ७८० किलोग्रॅम रेटा, १० सेंटिमीटर रुंद तुळई आणि दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम सुरक्षित बळ धरले, तर खाचेपुढे निदान ८ सेंटिमीटर लाकूड हवे. प्रत्यक्षात टोकाला वाळताना चिरा पडतात, म्हणून १५ ते २० सेंटिमीटर ठेवणे श्रेयस्कर. तुळईचे टोक भिंतीत पुरलेले असेल, तर ओल व वाळवी यांचा पहिला प्रादुर्भावही येथेच होतो. छप्पर तपासणाऱ्याने मधल्या भागापेक्षा ही टोके आधी पाहावीत.

वाऱ्याचा उलटा रेटा

आतापर्यंत आपण खाली येणाऱ्या भाराचाच विचार केला. वादळी वाऱ्यात छपरावर वर ओढणारे बल येते. दर सेकंदाला ५० मीटर वेगाच्या वाऱ्याचा मूळ दाब दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम असतो. उताराचा कोन, कडा आणि खिडक्यादारे यांनुसार तो कमीअधिक होतो. परंतु कौलांच्या ६५ किलोग्रॅम वजनाशी त्याची तुलना केली, तर धोका लक्षात येतो. मोठी दारे असलेल्या खुल्या दालनात वारा आत शिरून छपराला खालूनही उचलतो. म्हणून वासे भिंतीच्या माथ्यावरील लाकडाला आणि ते लाकूड भिंतीत खोलवर पोलादी पट्ट्यांनी जखडलेले असावे. चौकटी एका ओळीने कोसळू नयेत यासाठी उताराच्या पातळीत तिरपे दांडेही द्यावेत.

निर्णय घेण्यापूर्वी

वरील सर्व योजनांची तुलना केली, तर एक गोष्ट स्पष्ट होते. दालन मोकळे केल्याने रेटा नाहीसा होत नाही. तो फक्त दुसरीकडे जातो. तुळई काढली तर तो भिंतीकडे जातो, तुळई वर चढवली तर वाशाकडे, सळई घातली तर सळईकडे. आढ्याची तुळई घातली तर रेटा उद्भवत नाही, पण तेवढाच मोठा भार त्या तुळईच्या दोन टोकांखालच्या भिंतींवर आणि त्यांच्या पायावर येतो. त्यामुळे जुन्या घराचा मालक असो वा नव्या घराचा, त्याने कारागिराला एकच प्रश्न आधी विचारावा : तुळईचे काम आता कोण करणार? याचे उत्तर बोटाने दाखवता आले पाहिजे आणि त्या अवयवाचा हिशेब जाणत्या अभियंत्याने केलेला असला पाहिजे.

जुनी तुळई काढायचीच असेल, तर नवी व्यवस्था आधी पूर्ण करावी, छपराला खालून तात्पुरते टेकू द्यावेत आणि मगच करवत लावावी. काम झाल्यावर भिंतीच्या माथ्यांमधील अंतर मोजून नोंदवून ठेवावे आणि पहिली काही वर्षे दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा मोजावे. हे अंतर वाढत नसेल, तर छप्पर आपल्या नव्या आधारावर नीट विसावले आहे असे समजावे. ते वाढत असेल, तर भेग पडण्याची वाट न पाहता दालनात पुन्हा एक ताणदांडा घालणे हेच शहाणपणाचे होय.